इद्दत संपल्यावर या

माझा व्यवसाय विलंबाला विरोध करण्याचा होता. सरकारी वकील म्हणून मी या शहरात आयुष्य काढले. शासनाविरुद्ध दावा, अपील किंवा अर्ज घेऊन येणारा माणूस उशिरा आला, की त्याचे का ऐकून घेऊ नये हे न्यायालयाला सांगणे हे माझे काम. विलंबाच्या प्रत्येक दिवसाचा खुलासा हवा, असे एक वाक्य आमच्या व्यवसायात रूढ आहे. ते मी किती वेळा उच्चारले याची मोजदाद नाही. कधी कधी बाजू उलटत असे. शासनाचेच अपील उशिरा दाखल झालेले असे आणि तो विलंब माफ करावा म्हणून मीच उभा राहत असे. शासनाचे कारण बहुधा एकच असे : फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होती. दोन्ही कामे मी केली. त्यांत मला विसंगती वाटली नाही आणि आजही वाटत नाही. मुदत असावीच लागते. भांडणाला शेवट नसेल, तर कुणालाच आपल्या घरात निश्चिंत झोपता येणार नाही.

मात्र कायदा करणाऱ्यांनी या भिंतीत काही दारे ठेवली आहेत. दावेदार अज्ञान असेल, तर तो सज्ञान होईपर्यंत काळ थांबतो. तो वेडा असेल, तर शुद्धीवर येईपर्यंत थांबतो. शेवटचा दिवस सुटीचा निघाला, तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दाखल करता येते. निकालाची नक्कल मिळण्यात गेलेला वेळ वजा होतो. चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे घालवलेला वेळही वजा होतो. शासनावर दावा लावण्यापूर्वी नोटीस द्यावी लागते. त्या नोटिशीचा काळ धरत नाहीत. घरात माणूस मेला, हे कारण या यादीत नाही. न्यायालयाच्या सुटीसाठी काळ थांबतो, घरातल्या मरणासाठी थांबत नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. ज्याला कारण सांगायचे आहे त्याच्यासाठी ‘पुरेसे कारण’ हे दोन शब्द कायद्यात आहेत. मरणाला त्या दोन शब्दांतून वाकून आत यावे लागते.

निवृत्तीनंतर या गोष्टींचा मी विचार केला नव्हता. तो करावा लागला तो कूलरमुळे.

मुकुंदवाडीच्या बाजूला आमचे घर आहे. समोरच्या गाळ्यात कूलर दुरुस्त करणारा एक मेकॅनिक बसतो. चाळिशीचा, बडबड्या, कामाला चोख. उन्हाळा सरत आला असताना आमच्या कूलरचा पंप बंद पडला. तो बदलता बदलता त्याने मान वर न करता विचारले, “वकीलसाब, एक विचारू का? पैशाचं नाय, कायद्याचं हाय.”

“विचार,” स्वयंपाकघरातून माझी पत्नी म्हणाली. “पैशाचं असतं तर त्यांना ऐकूच आलं नसतं.”

“आमची मोठी आपा हाय सोयगावकडं. तिची जमीन रोडमधी गेली. वाढीव मोबदल्याचा अर्ज टाकायला गेली, तर हापिसवाले म्हणतेत, टाइम खतम.”

“मग संपली मुदत,” मी म्हणालो.

“असं कसं, साब?”

“मुदत संपली म्हणजे संपली. त्यात कसं काय नसतं.”

पत्नी पोळपाट तसाच ठेवून बाहेर आली. “जन्मभर लोकांच्या मुदती संपवल्यात. एखादी वाढवून बघा, काय होतंय ते.”

“मुदत मी वाढवत नाही. कायदा वाढवतो.”

“मग कायद्याला विचारा. त्याला विचारायला काय पैसे पडतात?”

मेकॅनिक हसला. मी हसलो नाही. कागद घेऊन ये, असे त्याला सांगितले.

कागद थोडेच होते आणि व्यवस्थित होते. जमीन त्याच्या बहिणीच्याच नावावर होती. नवऱ्याने मेहेरपोटी, म्हणजे निकाहात कबूल केलेल्या रकमेपोटी, तिला लिहून दिलेली. वळणरस्त्यासाठी ती घेतली गेली. मोबदला ठरवणारा निवाडा झाला तेव्हा ती हजर नव्हती. निवाड्यात जमिनीची नोंद ‘जिरायत’ आणि जमिनीतल्या विहिरीची नोंद ‘पडीक’ अशी होती. हीच तिची तक्रार होती. विहिरीला बारमाही पाणी होते, असे तिचे म्हणणे. निवाड्याची नोटीस हातात पडल्यापासून सहा आठवड्यांत तिने अर्ज द्यायला हवा होता. तो अर्ज दिला म्हणजे अधिकारी प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवतात आणि तिथे पुरावा होतो. नोटीस तिला मिळाली होती. पोचेवर तिची उर्दूतली सही होती. सहा आठवडे केव्हाच उलटले होते.

माझ्या कारकिर्दीचा बहुतेक भाग भूसंपादनाच्या जुन्या कायद्यात गेला. त्यात अशा अर्जाला उशीर झाला की विषय संपत असे. उशीर माफ करण्याचा अधिकारच अधिकाऱ्याला नव्हता. कारण कितीही खरे असो, ते ऐकायला कुणी बसलेले नव्हते. नव्या कायद्याने तिथे एक वाक्य जोडले. मुदतीनंतर आणखी एक वर्षापर्यंत, पुरेसे कारण असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तो अर्ज घेऊ शकतो. ‘परंतु’ या शब्दाने सुरू होणाऱ्या अशा वाक्याला आम्ही परंतुक म्हणतो. विधिमंडळातल्या आणि संसदेतल्या भाषणांपेक्षा माझा परंतुकांवर जास्त विश्वास आहे.

ते एक वर्ष अजून संपलेले नव्हते.

“कारण काय उशिराचं?” मी मेकॅनिकला विचारले.

“भावजी वारले ना. आपा इद्दतमधी हुती.”

इद्दत म्हणजे काय ते मला माहीत होते. नवरा गेल्यावर मुसलमान बाई चार महिने दहा दिवस घरात राहते. शेजार हिंदू-मुसलमान असा मिसळलेला असल्यामुळे हे आम्हा सर्वांनाच माहीत असते. त्या घरी त्या काळात कुणी कामाशिवाय जात नाही. नोटीस आली ती नवरा गेल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात. तिने दाराआडून हात बाहेर काढून पोचेवर सही केली होती. कारण पुरेसे होते असे मी म्हणणार नाही, पण मांडण्याजोगे होते. मी विलंबमाफीचा अर्ज आणि सोबतचे शपथपत्र लिहून काढले आणि बहिणीला सहीसाठी बोलावले. वकीलपत्र मी घेतले नाही. अर्जदाराला अधिकाऱ्यापुढे स्वतः बोलता येते.

ती आली तेव्हा सोबत मक्याच्या कणसांची पिशवी होती. पन्नाशीची, अंगाने किरकोळ बाई. बुरखा होता, चेहरा उघडा. ती खुर्चीवर बसेना. पत्नी येऊन शेजारी बसली तेव्हा बसली. मी आधी विहिरीबद्दल विचारले. ती एरवी कमी बोलणारी असावी, पण विहिरीबद्दल बोलली.

“ह्यांनी सोता खांदली ती, वकीलसाहेब. सुरुंग लावणाऱ्यासंगं सोता उतरले. ह्यांचं काम जळाल्या मोटरा भरायचं, आतली तार नव्यानं गुंडाळायचं. साऱ्या शिवारातल्या मोटरा आमच्या वट्यावर यायच्या. न् आपल्याच विहिरीची मोटर जळाली, तर तिला नंबर लागंना. लोकांच्या आधी भरायच्या, म्हणायचे. त्याच आठ दिवसांत मोजणीवाले आले. विहिरीवर मोटर नाय, पाइप नाय, वायर नाय. वरूनच बघितलं, न् लिहिलं, पडीक.”

“आत वाकून पाहिलं नाही?”

“ऊन लई हुतं,” ती म्हणाली. त्यात तक्रारीचा सूर नव्हता.

मग मी शपथपत्र वाचून दाखवले. पतीचे निधन झाल्यामुळे अर्जदार धर्माच्या रूढीप्रमाणे इद्दतमध्ये होती. त्या काळात ती घराबाहेर पडली नाही. सबब तिला मुदतीत अर्ज करता आला नाही.

“कर दस्तखत, आपा,” भाऊ म्हणाला.

तिने पेन उचलला नाही. “ह्यातलं एक खोटं हाय.”

“कोणते?” मी विचारले.

“घराबाहेर पडली नाय, ते. मी गेल्ते.”

भावाने कप खाली ठेवला. “कहां गई थी?”

“हापिसात.”

“इद्दत में?”

“व्हय.”

“न् तुझा जेठ माझ्यापुढं उभा राहून विचारत हुता, तवा मी कसम खाल्ली ना, की आमची आपा उंबऱ्याच्या बाहेर नाय पडली! अब मेरी कसम का क्या?”

“तुला कुणी सांगितलं हुतं खायला?”

“खाल्ली ती खाल्ली,” पत्नी त्याला म्हणाली. “आता चहा पी. निवतोय.”

मग बहिणीने सांगितले ते असे. नोटीस आल्यावर ती गावातल्या मौलानांच्या घरी निरोप पाठवून विचारती झाली. अडचण असेल तर दिवसा कामाला जाऊन दिवसाच परत यावे, त्याला हरकत नाही, असा त्यांचा निरोप आला. जेठाला, म्हणजे थोरल्या दिराला, हे मान्य होणार नाही हे तिला ठाऊक होते. म्हणून जेठ बाजाराला गेल्याचे पाहून ती एकटीच जीपने गेली. भूसंपादनाच्या कार्यालयात खिडकीशी उभी राहिली. खिडकीत बसलेला कारकून तिच्या नवऱ्याच्या ओळखीचा निघाला. त्याच्या घरची मोटर नवऱ्याने भरून दिलेली होती.

“त्यानं मला वळखलं, न् उठून उभाच राहिला. म्हणाला, भाभी, तुम्ही या दिवसांत कशाला आलात? कागद काय पळून जातेत का? घरी जा. इद्दत संपल्यावर या. मी हाय इथं.”

“आणि तुम्ही परत आलात.”

“आले. बरं वाटलं मला. सरकारातलं माणूस असं बोललं. इद्दत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. तर तो बदलून गेलेला. दुसरा बसला हुता. त्यानं कागद बघितला, न् म्हणाला, बाई, मुदत गेली. तिथून इथं यायचं, तर ह्याचा कूलरचा सीजन.”

“आता माझ्यावर घाल,” भाऊ म्हणाला.

मी शपथपत्राचा कागद बाजूला ठेवला. कायद्याच्या दृष्टीने तिची बाजू या एका माहितीने बदलली होती. इद्दतीचे कारण ऐकून समोरचा वकील म्हणाला असता की भावाला मुखत्यारपत्र देता आले असते, टपालाने अर्ज पाठवता आला असता. पण जी बाई मुदतीत कार्यालयाच्या खिडकीपर्यंत आली आणि जिला त्या कार्यालयानेच परत पाठवले, तिचे कारण वेगळे. तिथे दोष अर्जदाराकडे राहत नाही. माझ्यासमोर असे कारण आले असते, तर त्याला विरोध करताना मला शब्द शोधावे लागले असते.

“हे कारण भक्कम आहे,” मी तिला सांगितले. “तुम्ही बाहेर गेलात हे मात्र लिहावे लागेल. ते सगळ्यांना वाचता येईल. जेठालाही.”

“लिहा. मीच सांगते त्याला आधी.”

“आता त्या कारकुनाचे नाव सांगा.”

“नाय.”

“नावाशिवाय हे कारण सिद्ध होत नाही. कुणीही म्हणेल, मला अमक्याने परत पाठवले. अमका कोण ते सांगावे लागते.”

“त्यानं माझी इज्जत राखली, वकीलसाहेब. मी त्याच्या नोकरीवर कागद लिहू? तो हापिसातलं उत्तर देत नव्हता, तो मला घरी जा म्हणत हुता. आपलं माणूस म्हणंल तसं.”

“त्याने तुमचे नुकसान केले.”

“त्याला कुठं ठावं हुतं?”

“ठाऊक असणे हेच त्याचे काम होते.”

भाऊ उठून दारापर्यंत गेला आणि परत आला. “आपा, विहीर जाईल हातची. नाव सांग.”

“विहीर गेलीच हाय. मुरूम टाकून बुजवली, वर डांबर बी झालं. आता ती पाण्याची हुती का नव्हती, एवढंच राहिलंय. तेवढं कुणीतरी लिवावं, म्हणून मी आले. त्यापायी त्याचं नाव लिवायचं नाय मला.”

एवढा वेळ ऐकत असलेली माझी पत्नी म्हणाली, “नाव न घालता लिहिता येत नाही का?”

“येते. उपयोग होत नाही.”

“उपयोग विचारला नाही तुम्हाला. येतं का, ते विचारलं.”

येत होते. मी नवे शपथपत्र लिहिले. अर्जदार मुदतीत कार्यालयात गेली होती. तिला इद्दत संपल्यावर येण्यास सांगण्यात आले. ज्यांनी सांगितले त्यांचे नाव सांगण्यास अर्जदार तयार नाही. असे शेवटचे वाक्य मी आयुष्यात कुठल्याही शपथपत्रात लिहिले नव्हते, आणि दुसऱ्या कुणी लिहिलेले वाचलेही नव्हते. तिने ते मला पुन्हा वाचायला लावले. मग उजवीकडून डावीकडे, सावकाश सही केली. जाताना कणसे भाजून खा, उकडू नका, असे पत्नीला बजावून गेली.

अर्ज एका वर्षाच्या आत दाखल झाला. सुनावणी थंडीत निघाली, इथे शहरातच. आदल्या दिवशीच ती भावाकडे येऊन राहिली. शहराच्या तोंडाशी हर्सूलला बस अडकते आणि मग उशीर होतो, एवढेच ती म्हणाली. जेठाला तिने सांगितले होते. “बोलला लई,” ती म्हणाली. “बोलू द्या. तोंड त्याचं हाय.” भाऊ मात्र अजून रुसलेला होता. आपली शपथ खोटी पडली हे त्याच्या मनातून जात नव्हते. तरी दुकान बंद ठेवून तो आला.

सुनावणी म्हणजे एक लांबट खोली, मोठे टेबल, पलीकडे अधिकारी. अधिकारी बाई होत्या, तरुण, थोडक्यात बोलणाऱ्या. रस्ता करणाऱ्या खात्याच्या वतीने एक तरुण वकील होता. टेबलाच्या कडेला, स्वेटर घातलेला एक कारकून फायली क्रमाने लावून पुढे सरकवत होता. आमचे प्रकरण पुकारले गेले तेव्हा त्याने फाईल सरकवली आणि नजर पुढच्या फाईलवर नेली. मी त्याच्याकडे विशेष लक्ष दिले नाही. मी तिच्याकडे पाहत होतो. ती टेबलाच्या लाकडाकडे पाहत होती.

तरुण वकिलाने विरोध केला. विलंबाच्या प्रत्येक दिवसाचा खुलासा हवा, हे वाक्य त्याने म्हटले. मुखत्यारपत्र, टपाल, भाऊ, सगळे मुद्दे त्याने घेतले. मी त्याच्या जागी असतो तर हेच बोललो असतो, थोडे कमी शब्दांत. शेवटी तो म्हणाला, “मॅडम, अर्जदार म्हणते कार्यालयातल्या कुणीतरी परत पाठवलं. नाव सांगायला तयार नाही. नाव नसलेलं कारण हे कारणच नव्हे.”

अधिकाऱ्यांनी तिच्याकडे पाहिले. “कुणी सांगितलं तुम्हाला, इद्दत संपल्यावर या म्हणून?”

“नाव सांगणार नाय, मॅडम.”

“का?”

“त्यानं वाईट केलं नाय.”

“नुकसान झालं ना तुमचं?” वकील म्हणाला.

“नुकसान मुदतीनं केलं. त्यानं नाय.”

अधिकाऱ्यांनी शपथपत्राची पाने पुन्हा उलटली. नाव नव्हते, कागदाचा पुरावा नव्हता, साक्षीदार नव्हता. मला निकाल दिसत होता. फेटाळण्याचा आदेश कसा लिहितात ते मला पाठ आहे. ती बोटांनी बुरख्याची कड धरून उभी होती. भाऊ मागे भिंतीशी.

मग अधिकारी कारकुनाकडे वळल्या. त्यांनी हे का केले ते मला माहीत नाही. बहुधा त्या या भागातल्या नसाव्यात आणि त्यांना खरेच जाणून घ्यायचे असावे. “आपल्याकडे असं सांगतात का हो, खिडकीवर?”

कारकुनाच्या हातात पुढची फाईल होती. ती त्याने खाली ठेवली.

“सांगतात, मॅडम.”

“कोण सांगतं?”

“मी पण सांगतो. घरात माणूस गेलेलं असलं, न् कुणी डोकं भादरून आलं, तर म्हणतो, आत्ता नको, तेरावं झाल्यावर या. मुसलमान बाई असली तर म्हणतो, इद्दत झाल्यावर या. सोयगावकडं होतो, तिथं बी म्हणालोय.”

अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिले. पुढचा प्रश्न विचारणे त्यांच्या अधिकारात होते. तो एकाच वाक्याचा होता आणि तो तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होता. त्यांनी तो विचारला नाही. तरुण वकिलालाही विचारता आला असता. त्याने आपली फाईल बंद केली. तो पुढे चांगला वकील होईल.

माझे वडील गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी न्यायालयात गेलो होतो. मुंडण केलेले डोके पाहून न्यायाधीशांनी मला परत पाठवले. दहावे झाल्यावर या, म्हणाले. त्या कारकुनाचे उत्तर ऐकताना हे मला आठवले. माझ्यासाठी तारीख पुढे गेली. तारीख पुढे नेण्याचा अधिकार न्यायाधीशांना होता. मुदत पुढे नेण्याचा अधिकार खिडकीवरच्या कारकुनाला नव्हता. शब्द दोघांचे तेच होते. फरक एवढाच, आणि कायद्यात तो मोठा आहे.

अधिकाऱ्यांनी आदेश तिथेच सांगितला. अर्जदार मुदतीत कार्यालयात आल्याचे तिचे कथन अविश्वसनीय मानण्याचे कारण दिसत नाही. शोकाच्या काळात नागरिकांना नंतर येण्यास सांगण्याची पद्धत कार्यालयात असल्याचे आढळते. ही पद्धत योग्य नाही आणि तिचे परिणाम अर्जदारावर लादता येणार नाहीत. विलंबासाठी पुरेसे कारण आहे. अर्ज दाखल करून घेण्यात येतो; प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवावे. यापुढे खिडकीवर असे सांगू नये, मुदत कोणती ते सांगावे, अशी समजही त्यांनी कार्यालयाला दिली. कारकुनाने ती समज स्वतःच्या हाताने उतरवून घेतली.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर ती मला म्हणाली, “तोच हुता.”

“कळले,” मी म्हणालो.

“क्या?” भाऊ म्हणाला. “हा स्वेटरवाला?” तो वळून आत जायला निघाला. काय करायला निघाला होता ते त्यालाही माहीत नसावे. तिने त्याची बाही धरली. “गप बस. इथं तरी कसम खाऊ नको.” भाऊ हसला. कित्येक महिन्यांनंतर तो तिच्यासमोर हसला असेल.

थोड्या वेळाने कारकून दारात आला. हातात आमचीच फाईल होती. तो माझ्याशी बोलला नाही. तिच्यापासून दोन हात अंतरावर उभा राहून म्हणाला, “भाभी, नकलेचा अर्ज आत्ताच द्या. आजच्या आज काढून देतो. उद्या या, असं आता कुणाला म्हणत नाय.”

“बरं,” ती म्हणाली. मग विचारले, “मोटर नीट चालती का?”

“चालती. त्यांनी भरलेली कधी जळत नाय.”

तो आत गेला. ती बाकावर बसली. भाऊ म्हणाला, चहा घेऊन येऊ समोरून. ती म्हणाली, नक्कल हातात पडल्यावर. वकीलसाहेबांनी तरी जावे, त्यांचे वय झाले आहे, असेही ती भावाला म्हणाली. मी गेलो नाही. नक्कल नीट आहे की नाही हे पाहणे आवश्यक होते.

कार्यालय बंद होण्यापूर्वी नक्कल मिळाली. शिक्का, सही, पाने बरोबर होती. तिला मराठी बोलता येत असे, वाचता कमी येई. विहिरीचं काय लिहिलंय, असे तिने भावाला विचारले. त्याने बोट ठेवून वाचले : ‘अर्जदाराच्या म्हणण्यानुसार सदर जमिनीत बारमाही पाण्याची विहीर होती.’ तिने ते पुन्हा वाचायला लावले.

“‘अर्जदाराच्या म्हणण्यानुसार’ हे काढता येतं का, वकीलसाहेब?” तिने विचारले.

“ते काढण्यासाठीच पुढचे प्रकरण आहे,” मी सांगितले. “वेळ लागेल.”

“लागू द्या,” ती म्हणाली, आणि तारीख केव्हा ते आत जाऊन विचारून ये म्हणून तिने भावाला पाठवले.